दगडफुलांचं दफ्तर

सातारा जिल्ह्यात कृष्णेला मिळणाऱ्या डोंगरी नद्यांच्या डोहांत, पावसाळ्याआधी पाणी संथ असताना, नखाएवढे पारदर्शक जेलीफिश तरंगताना दिसतात. समुद्र घाट उतरून थेट कोकणाच्या टोकाला, आणि इथे गोड्या पाण्यात समुद्री वाटणारा जीव. मालवणात जन्मलेले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर सह्याद्रीत भटकत असताना त्यांना हा प्राणी दिसला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याला 'लिम्नोक्निडा इंडिका' हे नाव दिलं, आणि १९१२ साली ग्रेव्हली व आघारकर या दोघांचं त्याच्या सवयींविषयी आणि आढळाविषयी टिपण त्या म्युझियमच्या नियतकालिकात आलं. या प्रजातीतले जीव तोवर फक्त आफ्रिकेतून ठाऊक होते. आफ्रिकेत आहे, सह्याद्रीत आहे, मध्ये कुठे नाही. असं का?

हा प्रश्न विचारता आला, कारण दोन्ही टोकांना कुणीतरी जीव पकडून, जागेचं नाव लिहून, बाटलीत घालून ठेवला होता. बाटली नसती तर प्रश्नच उभा राहिला नसता. पुण्यात पुढे सह्याद्रीच्या दगडफुलांचा जो संग्रह उभा राहिला, त्याची गोष्ट मला इथून सुरू करावीशी वाटते. कारण तो ज्या संस्थेत उभा राहिला ती आघारकरांची, आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्नही हाच.

आघारकर १९१३ साली कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले आणि पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना अटकेत राहावं लागलं, तरी १९१९मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींचा प्रसार. कोण कुठे उगवतं आणि तिथवर कसं पोचतं, हेच पुन्हा. निवृत्तीच्या वयात, १९४६ साली, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६मध्ये विज्ञानासाठी जी संस्था काढली होती, तशी एक महाराष्ट्रात असावी ही इच्छा नावातच दिसते. १९६०मध्ये आघारकर गेले. १९९२पासून संस्थेला त्यांचंच नाव आहे.

या संस्थेत बुरशींचा एक संग्रह सुरू झाला आणि त्याला अजरेकर कवक संग्रहालय असं नाव मिळालं. श्रीपाद लक्ष्मण अजरेकर हे आपल्याकडच्या पहिल्या पिढीतले कवकशास्त्रज्ञ. ज्वारीच्या कणसावर जो चिकट पाझर येतो, ज्याला शेतकरी चिकटा म्हणतात, त्या रोगाच्या कारणावर त्यांनी १९२६मध्ये लिहिलं होतं. जगभरच्या वनस्पतिसंग्रहांना सांकेतिक अक्षरं असतात. पुण्याच्या या संग्रहाची अक्षरं 'एएमएच'. शोधनिबंधात एखाद्या नमुन्यापुढे ही तीन अक्षरं दिसली की तो नमुना पुण्यात आगरकर रस्त्यावरच्या कपाटात आहे असं समजायचं.

दगडफूल, शास्त्रीय मराठीत शैवाक, हे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. आतलं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडनर यांनी १८६०च्या दशकात हे मांडलं तेव्हा त्या काळचे सर्वांत मोठे शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर यांनी ते कधीच मानलं नाही. श्वेंडनर खरे ठरले. पण नायलँडरांचं ऋण दोन गोष्टींसाठी राहतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं शहराच्या धुराने कमी होत चालल्याचं त्यांनी १८६६मध्ये नोंदवलं; आणि त्याच वर्षी शैवाकाच्या सालीवर रसायनाचा थेंब टाकून रंग बघण्याची पद्धत रूढ केली. त्यांचा संग्रह हेलसिंकीत आहे. निलगिरीतल्या अपुष्प वनस्पतींवर १८४२मध्ये लिहिणारे कामीय मोंटान्य पॅरिसमधले, आधी फ्रेंच सैन्यात डॉक्टर. त्यांचे नमुने पॅरिसला. म्हणजे दक्षिणेतल्या डोंगरांची पहिली साक्ष युरोपातल्या कपाटांत जमा होत गेली, आणि इथल्या माणसाला आपल्याच डोंगरावरच्या दगडफुलाचं नाव पक्कं करायचं तर तिकडे पत्र लिहून नमुना मागवावा लागे.

मुंबई इलाख्यापुरतं बोलायचं तर चित्र आणखी रिकामं होतं. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात छापली गेली, तिच्यात फुलझाडं. ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२मध्ये नेच्यांचं पुस्तक केलं. दगडफुलांचं काहीच नाही. ज्या मुलखात गोड्या मसाल्यात दगडफूल नसेल तर मसाला फिका म्हणतात, त्या मुलखात दगडफुलांची साधी यादीही कुणी केली नव्हती.

ती करायला सुरुवात झाली ती बुरशीच्या वाटेने. मा. ना. कामत हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले नामांकित कवकतज्ज्ञ पुढे विज्ञानवर्धिनीत आले. कामत, पां. गं. पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे यांची 'महाराष्ट्रातील बुरशी' ही सूची १९७१मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढली. यातले पटवर्धन शैवाकांकडे वळले, आणि १९७०च्या दशकात त्यांच्याभोवती एक गट जमला: प्रभू, कुलकर्णी, नगरकर, सेठी, आणि पुढे दीर्घकाळ हे काम नेणाऱ्या ऊर्मिला मखिजा. तिकडे लखनौत धरणीधर अवस्थी यांनी १९६५मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका यांची शैवाकसूची प्रसिद्ध केली होती. हिमालयाची बाजू लखनौकडे आणि सह्याद्रीची पुण्याकडे, अशी कामाची वाटणी कुणी बसून ठरवली नसेल, पण झाली तशीच.

नमुना गोळा करणं ऐकायला सोपं वाटतं. पानासारखं पसरलेलं दगडफूल कोरडं असलं की हात लावताच चुरा होतो. म्हणून आधी त्यावर पाणी शिंपडायचं. दोन मिनिटांत ते मऊ होतं, राखाडी रंग हिरवट होतो, मग सुरीच्या पात्याने सालीसकट अलगद सोडवायचं. पण अनेक जाती अशा पसरत नाहीत, खोडाच्या सालीत मिसळूनच असतात. ग्राफिस प्रजातीतल्या जाती तर गुळगुळीत सालीवर बारीक काळ्या रेघोट्यांसारख्या दिसतात, कुणी मोडी गिरवून ठेवल्यासारख्या. त्यांच्यासाठी सालीचाच तुकडा कापावा लागतो, आणि खडकावरच्यांसाठी छिन्नी-हातोडी. सपाट दाबून कागदाला चिकटवायचे हे नमुने नव्हेत. हवेत वाळवून ते कागदाच्या पुडीत घालतात आणि पुडीच्या वरच्या घडीवर लिहितात: नाव, गाव, डोंगर, उंची, कोणत्या झाडावर की खडकावर, तारीख, कुणी गोळा केलं, क्रमांक. पुण्याच्या गटाने क्रमांकाची एक सुंदर रीत पाळली: सुरुवातीचे दोन आकडे वर्षाचे. चौऱ्याहत्तरने सुरू होणारा क्रमांक दिसला की १९७४ सालचा नमुना; निबंध वाचतानाच काळ कळतो.

पुण्याच्याच पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसाईंनी १९३०च्या दशकाच्या आरंभी पंचेचाळीस भाग काढले. कागद कितीही जुना असला तरी त्यावर तारीख आणि ठिकाण नसेल तर इतिहासकाराचे हात बांधले जातात, हे त्या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दगडफुलाच्या पुडीचंही तसंच आहे. आतला जीव सुंदर असेल, पण पुडी बोलते ती वरच्या चार ओळींमुळे.

महाबळेश्वर हे या गटाचं आवडतं ठिकाण असणार यात नवल नाही. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं ते बुटकं सदाहरित रान, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने धुकं. दगडफुलांना आणखी काय हवं? मुळं नसतात, सगळं पाणी आणि क्षार हवेतून आणि पावसातून घ्यायचे असतात. त्यांच्या दृष्टीने धुकं म्हणजेच जमीन. वाढ मात्र वर्षाला मोजक्या मिलिमीटरची. तळहाताएवढं दगडफूल ज्या फांदीवर दिसतं, ती फांदी कित्येक वर्षं कुणी तोडलेली नसते.

पुण्यात आणल्यावर खरं काम सुरू होई. भिंगाखाली नुसतं रूप पाहून जात ठरत नाही. दिसायला एकसारख्या दोन जातींच्या आतली आम्लं वेगळी असतात. म्हणून नायलँडरांनी शिकवलेला थेंब: पोटॅशचा टाकला की कुठे पिवळं पडून लाल होतं, कुठे काहीच होत नाही, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा टाकला की कुठे क्षणभर गुलाबी चमक येऊन जाते. जपानचे यासुहिको असाहिना यांनी १९३०च्या दशकात तिसरा थेंब आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या स्फटिकांची पद्धत दिली. आपल्याकडे टी. आर. शेषाद्री यांनी भारतीय शैवाकांतली रसायनं वेगळी करण्याचं मोठं काम केलं. १९७०पासून काचेच्या पट्टीवर अर्काचे ठिपके चढवून वेगळे करण्याची प्रमाणित पद्धत आली, आणि मग कुठे पुडीवरच्या नावाबद्दल खात्री देता येऊ लागली. एका पुडीमागे एवढी मेहनत आहे. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण त्यात मिरवण्यासारखं काहीच नाही. वर्तमानपत्रात बातमी येणार नाही, पाठ्यपुस्तकात धडा होणार नाही, हे माहीत असून माणसं वर्षानुवर्षं भिंगावर वाकून बसली.

त्याचं फळ बाहेरच्या जगाला दिसू लागलं. स्मिथसोनियन संस्थेतले मेसन हेल हे पानासारख्या दगडफुलांचे त्या काळचे सर्वांत जाणते अभ्यासक. हेल आणि पटवर्धन यांनी मिळून १९७४मध्ये भारतीय पार्मेलियांत भर घातली आणि एका नव्या जातीला लखनौच्या अवस्थींचं नाव दिलं. पुणे, लखनौ आणि वॉशिंग्टन एका लॅटिन नावात आले. १९७७मध्ये पटवर्धन आणि कुलकर्णी यांचा पश्चिम घाटातल्या थेलोट्रेमासी कुळावरचा लेख नॉर्वेच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. पुढे मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मोडीसारख्या रेघोट्यांच्या जातींवर इतकं काम केलं की उष्ण प्रदेशातल्या ग्राफिसचा अभ्यास आज पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. एके काळी निलगिरीचं दगडफूल ओळखायला पॅरिसकडे पाहावं लागे. आता परदेशी अभ्यासक 'एएमएच'मधले मूळ नमुने मागवू लागले.

मूळ नमुना म्हणजे काय ते सांगायला हवं. नवी जात जाहीर करताना शास्त्रज्ञ एक विशिष्ट नमुना नेमून देतो: हे नाव या पुडीचं. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तरी निवाडा या पुडीपाशी होतो. नावं बदलत राहतात. बाजारात दगडफूल म्हणून जे खूप विकलं जातं त्यातली एक जात १८२५मध्ये पार्मेलिया होती, मग एव्हर्निआस्ट्रम झाली, आणि डीएनएच्या अभ्यासानंतर २०१३मध्ये हायपोट्रॅकिना. पुडी तीच, वरची चिठ्ठी बदलते, जुनी चिठ्ठीही फेकायची नाही.

दुर्मिळतेचा प्रश्न इथे येतो. १९८३मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने धोक्यातल्या वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्यात पटवर्धनांनी पश्चिम घाटातल्या दुर्मिळ आणि केवळ तिथेच आढळणाऱ्या शैवाकांवर लिहिलं. वाघ किंवा माळढोक दुर्मिळ झाला हे डोळ्यांना दिसतं. दगडफूल दुर्मिळ झालं हे कुणाला कळणार? कळायचं तर आधी कुणीतरी त्याच घाटात, त्याच उंचीवर, नेहमीची आणि अनोखी, सगळी दगडफुलं सारख्याच आस्थेने गोळा करून ठेवलेली हवीत. दहा ठिकाणच्या पुड्यांत एक जात एकाच ठिकाणी सापडली, तरच ती दुर्मिळ म्हणता येते. नऊ ठिकाणच्या पुड्या त्यात जेवढ्या लागतात तेवढीच ती दहावी. म्हणून संग्रहात फक्त अनोखं ते ठेवावं, बाकीचं जागा अडवतं, असं म्हणणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे.

पुडीवरच्या ओळी नसल्या की काय हरवतं ते बाजारात दिसतं, महाराष्ट्राबाहेरच्याही. भोपाळच्या बाजारात मराठी घरं गोड्या मसाल्यासाठी दगडफूल घेतात. दुकानदार त्याला पत्थरफूल म्हणतो, पोत्यातून मूठभर काढून तोलून देतो. त्या मुठीत तीन-चार जाती मिसळलेल्या असतात, आणि बहुतेक माल हिमालयाच्या किंवा दक्षिणेच्या डोंगरांतून आलेला. जाणकार त्यातला तुकडा बघून जात सांगू शकेल. कोणत्या डोंगरावरचा, कोणत्या झाडावरचा, कधीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. टनांनी माल डोंगर उतरतो आणि त्याबरोबर ही सगळी माहिती कायमची पुसली जाते.

एका जातीचं उदाहरण देतो. अस्निया प्रजातीची दगडफुलं फांद्यांवरून करड्या-हिरव्या जटांसारखी लोंबतात. ओळख पटवायची सोपी खूण: एक तंतू दोन्ही हातांनी हळूच ताणला की बाहेरची साल तुटते आणि आतला पांढरा लवचिक दोरा अखंड राहतो. जी. अवस्थी यांनी १९८६मध्ये भारतातल्या अस्नियांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात पश्चिम घाटातल्या एका जातीला घाटाचंच नाव दिलं: अस्निया घाटेन्सिस. पुण्यात भास्कर बेहेरा, मखिजा आणि सहकाऱ्यांनी नंतर या जातीचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवले. कारण अस्निक आम्ल. १८४४पासून रसायनशास्त्राला माहीत असलेलं हे पिवळं द्रव्य जंतूंना मारतं, आणि ते मिळवायला डोंगरावरची सगळी अस्निया ओरबाडली तर काही वर्षांत ती संपेल. काचेच्या बशीत वाढवता आली तर डोंगर वाचतो. वाढ मंद, कष्ट फार, पण २०००नंतरच्या दशकात त्यांनी दाखवलं की वाढवलेल्या तुकड्यांतही हे औषधी गुण उतरतात. हे करायला आधी ती जात नेमकी कोणती आणि कुठे मिळते हे ठाऊक असावं लागतं. पुन्हा पुडी.

आता आघारकरांच्या प्रश्नाकडे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४०च्या दशकात एक कल्पना मांडली आणि १९४९मध्ये तिच्यावर खास परिसंवाद झाला. त्यांना पूर्व हिमालयातले काही मासे थेट दक्षिण सह्याद्रीत सापडत होते, मधल्या मैदानात नाहीत. ते गेले कसे? होरांचं उत्तर सातपुडा. एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग अधिक ओली, अधिक उंच आणि सलग असावी, आणि तिच्यावरून डोंगरी ओढ्यांचे जीव पश्चिमेला सरकत सह्याद्रीला लागले असावेत. या कल्पनेवर पुढे बरीच टीका झाली. डीएनएच्या अभ्यासांनी तिची पुन्हा छाननी केली, कारण एकाच जातीचे वाटणारे जीव कधी कधी वेगवेगळ्या मुळांतले निघतात. दगडफुलांना तर ओढ्याची गरज नाही, त्यांचे बीजाणू वाऱ्यावर जातात. तरीही त्यांच्या अनेक जाती हिमालयात आणि दक्षिणेच्या डोंगरांवर दोन्हीकडे आहेत, आणि बीजाणूला उतरायला मध्ये थंड, ओली फांदी लागतेच.

अशी फांदी सातपुड्यातच मिळते. पचमढीचा धूपगड सुमारे १,३५० मीटर, मध्य प्रदेशातला सर्वांत उंच माथा. खालच्या दऱ्यांत वृक्षनेचे आहेत, जे एरवी सह्याद्रीत नाहीतर हिमालयात पाहायचे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या शैवाकांची यादी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या डी. के. उप्रेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये केली. याच गटातल्या राजेश बाजपेयींनी नंतर मांडवच्या जुन्या इमारतींवरची शैवाकं घेऊन त्यांत साठलेलं आर्सेनिक मोजलं. हवेतून उतरलेलं विष दगडफूल साठवून ठेवतं, आणि ज्या राज्याच्या राजधानीने, भोपाळने, १९८४ची डिसेंबरातली वायुगळतीची रात्र पाहिली आहे तिथे या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

भारतातून आज २,७००हून अधिक शैवाकजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यात सह्याद्रीचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा दिसतो याला पुण्याच्या त्या माणसांची पायपीट कारण आहे. सातपुड्यावर पचमढीपासून पश्चिमेला निघालं तर वाटेत मेळघाटातला चिखलदरा लागतो, सुमारे १,१०० मीटर; आणि टोकाला नंदुरबारमधला तोरणमाळ, जवळपास तेवढाच उंच. तिथून दक्षिणेला सह्याद्रीची पहिली शिखरं फार लांब नाहीत. होरांनी माशांसाठी कल्पिलेली वाट दगडफुलांसाठी खरी आहे का हे बघायचं, तर या तिन्ही माथ्यांवरच्या झाडांची दगडफुलं सारख्या पद्धतीने, सारख्या ऋतूत, उंची आणि तारीख लिहून गोळा करायला हवीत, आणि पुण्याच्या १९७०च्या दशकातल्या महाबळेश्वरी पुड्यांशेजारी मांडून भिंगाखाली धरायला हवीत. तिन्ही ठिकाणी आज डांबरी रस्ता जातो.